गाडी बंद पडली का?

आराम करायला म्हणून घराबाहेर पडलेला मराठी माणूस जितका दमतो, तितका तो घरच्या लग्नातसुद्धा दमत नाही. लग्नात निदान शेवटची पंगत उठली की सतरंजीचा एखादा कोपरा धरून तासभर लवंडता येतं. सहलीत तीही सोय नाही. पहाटे साडेचारला सूर्योदय बघायला उठायचं. (हाच माणूस घरी असताना सूर्य पार डोक्यावर आला तरी पांघरुणातून पाय बाहेर काढत नाही.) सहाला चहा, सातला नाश्ता, साडेसातला गाडी. मग दिवसभर ‘पॉइंट’ नावाच्या कठड्यांपाशी दहा-दहा मिनिटं उतरायचं, कठड्याकडे पाठ करून फोटो काढायचा आणि पुन्हा गाडीत बसायचं. सात रात्री, आठ दिवस आणि नऊ ठिकाणं. परत आल्यावर आठवडाभर रजा वाढवायची, कारण सहलीचा शीण जायला हवा ना!

माझं म्हणणं अगदी साधं आहे. डोंगरात निवांत चालायचं, थोडंसं काही बघायचं, पुष्कळ वेळ नुसतं बसायचं आणि रात्री नऊला झोपायचं, एवढीच ज्याची इच्छा आहे, त्या बीडच्या माणसानं बीड जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं काही कारण नाही. आमचा बालाघाट त्यासाठी पुरेसा आहे. हे म्हणणं मी आजवर तीन लग्नांत, दोन बारशांत आणि एका तेराव्याला मांडलेलं आहे. सगळीकडे लोक हसले. तेराव्यालाही.

हसणाऱ्यांचा पहिला मुद्दा ठरलेला असतो. ‘बीडला डोंगर कुठाय?’ हा प्रश्न पुण्यामुंबईच्या माणसानं विचारला तर मी त्याला माफ करतो. त्याच्या नकाशात अहिल्यानगर ओलांडलं की एकदम नागपूर लागतं. पण हाच प्रश्न मला बीडच्याच एका वकीलसाहेबांनी विचारला, आणि विचारताना ते गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभे होते. समोर आडवी, निळसर, पार पूर्वेपर्यंत गेलेली रांग पसरलेली. ते म्हणाले, ‘ते? ते होय! ते आपलं असंच आहे.’

‘असंच’ म्हणजे काय, ते सांगतो. जिल्ह्याची उत्तरेची शीव गोदावरीची. तिच्या काठचा मुलूख म्हणजे गंगथडी. काळी, सपाट, कापसाची जमीन. दक्षिणेकडे निघालात की जमीन वर चढायला लागते आणि बालाघाट सुरू होतो. पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई, परळी ही सगळी त्याचीच लेकरं. उंची म्हणाल तर सहाशे-सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वरच्या निम्मी. मांजरसुंब्याचा घाट चढताना कानात दडे बसत नाहीत, पोटात ढवळत नाही, म्हणून तो घाटच नव्हे, असं पुष्कळांचं प्रामाणिक मत आहे. मळमळल्याशिवाय ज्यांना डोंगर पटत नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

खरं दुखणं उंचीचं नाहीच. आमच्या डोंगरात कोणी साहेब आला नाही, हे दुखणं आहे. हिल स्टेशन ही चीज मुळात साहेबाच्या घामातून निघाली. मुंबईचा उन्हाळा सोसवेना म्हणून 1828-29च्या सुमारास गव्हर्नर माल्कम महाबळेश्वरच्या मागं लागला आणि तिथल्या पेठेला स्वतःचं नाव देऊन बसला. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानला चढला. मग प्रत्येक कड्याला एकेका गोऱ्याचं, नाहीतर त्याच्या लेकीसुनेचं नाव चिकटलं. आमचा मराठवाडा पडला निजामाच्या राज्यात, तो सुटला 1948च्या सप्टेंबरात. अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, घोडदळाची छावणी होती खरी; पण त्या मंडळींनी घोडे सांभाळले, कडे सांभाळले नाहीत. त्यांच्यातल्या एखाद्यानं धारूरच्या घाटात उभं राहून ‘हा मार्था पॉइंट’ एवढं जरी म्हटलं असतं, तर आज तिथं मक्याची कणसं, घोड्यावरची रपेट आणि गाड्यांची तीन किलोमीटरची रांग असती. आमचे वकीलसाहेबही दर दिवाळीला तिथं गेले असते आणि ‘मार्था पॉइंटला काय हवा आहे!’ म्हणून आम्हाला ऐकवत बसले असते.

साहेब आला नाही, तरी आम्ही अजून त्याच्याच डोळ्यानं डोंगर बघतो. हिरवा असेल तरच डोंगर, धुकं असेल तरच हवा. महाबळेश्वरला पाऊस पडतो पाच-सहा हजार मिलिमीटर, आमच्याकडे वर्षभरात सहाशे-सातशे. त्यातच आमचा डोंगर चार महिने हिरवा राहतो, चार महिने गवताच्या रंगानं पिवळा आणि उरलेले चार महिने हाडासारखा उघडा. मला तो तिन्ही रंगांत आवडतो. पण पिवळ्या गवताच्या उतारावर संध्याकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा जे दिसतं, त्याला आमच्याकडे नाव एकच – ‘दुष्काळी भाग’. शाळेच्या भूगोलात वाचलं, सरकारी कागदात वाचलं, वर्तमानपत्रात वाचलं. आता माणूस डोळ्यांनी काही बघायला तयारच नाही. तिकडे राजस्थानात वाळूच्या ढिगाऱ्यावर उंटावर बसायला हीच माणसं पैसे मोजतात. आता राजस्थानात काय भाताची खाचरं आहेत?

बरं, बघण्यासारखं काय आहे? मला विचाराल तर आधी पाणी. दचकू नका. बीड आणि पाणी हे शब्द एका वाक्यात टँकरशिवाय आले की लोक दचकतात. पण हा डोंगर म्हणजे पाण्याची वाटणी करणारा घरातला थोरला माणूस आहे. उत्तरेच्या उतारावरनं बिंदुसरा निघते, बीड शहरातनं जाते, सिंदफणेला मिळते आणि सिंदफणेबरोबर गोदावरीत. दक्षिणेला सौताड्याची विंचरणा. ती कड्यावरनं उडी घेऊन जामखेडकडे जाते, पुढं सीना, भीमा आणि कृष्णा. म्हणजे पाटोद्याच्या माळावर एक ढग चुकून अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे बरसला, तर त्यातलं निम्मं पाणी गोदावरीचं होतं आणि निम्मं कृष्णेचं. सख्ख्या भावांची इतकी निमूट वाटणी दुसरीकडे दाखवा.

आणि तिसरी मांजरा. सहल कशी करावी, हे कोणाला शिकायचं असेल तर या नदीपाशी शिकावं. हिचाही उगम पाटोदा तालुक्यातलाच. हिलाही जायचंय गोदावरीलाच, आणि गोदावरी तर जिल्ह्याच्या उत्तर शिवेवर, हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी. बिंदुसरेनं जवळची वाट धरली आणि ‘झालं एकदाचं’ म्हणून मोकळी झाली. अगदी टूर कंपनीच्या गाडीसारखी. मांजरा तसं करत नाही. ती पाठ फिरवून पूर्वेला निघते. केज बघते, लातूर बघते, कर्नाटकात बिदरकडे जाते, तेलंगणात शिरते, तिथं निजामसागरात घटकाभर विसावते, मग मात्र उत्तरेला वळते आणि तब्बल सव्वासातशे किलोमीटर चालून झाल्यावर गोदावरीला म्हणते, ‘आले बाई.’ वाटेत किती गावांना पाणी पाजलं, किती शेतं भिजवली! घाई करणाऱ्या नदीला हे जमत नाही. (तिच्या धनेगावच्या धरणात 2016 साली थेंब उरला नाही आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हेही विसरत नाही. नदी चालायची थांबली की काय होतं, ते तेव्हा सगळ्या देशानं पाहिलं.)

आता चालण्याकडे वळतो. कारण सगळ्यात मोठी अडचण तिथंच आहे, आणि ती रस्त्याची नाही, दगडधोंड्यांचीही नाही. आमच्याकडे बरे कपडे घातलेला माणूस विनाकारण पायी चालू शकतो, यावर कोणाचा विश्वासच नाही.

मी नायगावच्या रस्त्यानं चाललेलो असतो. डोक्याला टोपी, पायांत बूट, पाठीवर पिशवी. मागून मोटारसायकल येते, हळू होते, थांबते. ‘काय साहेब, गाडी बंद पडली का?’

‘नाही.’

‘मग पायी कामून?’

‘असंच. फिरायला.’

‘फिरायला?’ तो मागं बघतो, पुढं बघतो. ‘कोणाकडं जायचंय?’

‘कोणाकडं नाही.’

यावर तो गाडी स्टँडला लावतो. आता प्रकरण गंभीर झालेलं असतं. ‘बसा मागं, सोडतो मी पाटोद्याला. घरी काही झालंय का?’ तासाभरात अशा चार गाड्या थांबतात. शेवटची माउली तर जवळचं धपाटं काढून देते आणि ‘रागाच्या भरात असं निघू न्हाई, दादा’ म्हणून समजूत घालते. महाबळेश्वरला हजार रुपये मोजूनही इतकी आपुलकी मिळायची नाही. पण ती चुकवत चुकवत चालावं लागतं, हा मुद्दा मी प्रतिपक्षाला मोकळेपणानं देऊन टाकतो.

मी पुष्कळ दिवस विचार केला. चालण्याचं कारण कोणतं सांगितलं की लोकांना पटतं? एक, दिंडी. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला लिंगायत भाविक कुठून कुठून पायी येतात. त्यांना कोणी गाडीचं विचारत नाही, उलट चहा पाजतात. दोन, नवस. तीन, घरातलं भांडण. आणि चौथं कारण पोटाचं आहे. ते कोणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं.

दसरा झाला, सीमोल्लंघन झालं, की याच रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहतात. भांडीकुंडी, पत्रे, गोधड्या, शेळी, कोंबड्या, म्हातारी आणि तान्हं पोर, सगळं एकावर एक. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघालेल्या असतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तोडायचं. निघायचं दिवाळीच्या अलीकडेपलीकडे, परतायचं पाडव्याच्या सुमारास. बीड जिल्ह्यातनं अशी लाखांनी माणसं बाहेर पडतात, आणि ती बहुतेक या डोंगरातल्या गावांतली आणि तांड्यांवरची. म्हणजे बघा, आपण ‘चार दिवस कुठंतरी जाऊन येऊ’ म्हणून बॅगा भरतो, त्याच आठवड्यात तेही सहा महिन्यांसाठी भरतात. घाटात दोन्ही गाड्या समोरासमोर येतात. आपल्या गाडीतली मंडळी काचा वर करून म्हणतात, ‘या ट्रकवाल्यांमुळे उशीर होतो बुवा.’

आणि नेमकं तेव्हाच डोंगरात सीताफळ पिकलेलं असतं. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दार्जिलिंगच्या चहाला मिळतो तो मान. धारूर-बालाघाटाच्या या मुरमाड उतारावर सीताफळाला मायेनं वाढवावं लागत नाही, ते आपणहून वाढतं. फळ उतरवायला आलेलं आणि उतरवणारे हात उसात, असा हा हिशेब आहे. आमची मंडळी मात्र महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीच्या पेट्या आणून शेजारीपाजारी वाटतात. मलाही एक येते. मी खातो. वादात सापडलेल्या स्ट्रॉबेरीशी माझं वैर नाही. पण त्या पेटीचे पैसे तेवढे इकडच्या घाटात खर्च झाले असते तर एका तरी घराची उचल थोडी कमी झाली असती, हा विचार घशाखाली काही उतरत नाही.

‘पण तिकडे सुरक्षित आहे का हो?’ हा अलीकडचा प्रश्न. गेल्या दोनेक वर्षांत बीडचं नाव वर्तमानपत्रांत ज्या कारणांनी गाजलं, त्यावरून पुण्याचा माझा भाचा मला दर रविवारी फोन करून ‘मामा, जिवंत आहात ना?’ एवढंच विचारतो. झालं ते भयंकर झालं, ते झाकायचं नाही आणि विनोदात तर मुळीच घालायचं नाही. पण जिल्हा म्हणजे काही चार गुंड नव्हेत. धपाटं देणारी माउलीही याच जिल्ह्याची रहिवासी आहे, आणि तिचा फोटो कधी पहिल्या पानावर येत नाही.

उरला सोयींचा मुद्दा. इथं मात्र माझी दोन्हीकडून पंचाईत आहे. राहायला बरी जागा नाही, वाटेवर पाटी नाही, सौताड्याच्या दरीत उतरलं की बायकांना आडोसा नाही, हे सगळं खरं आहे. हे असायला हवं, असं मी म्हणतो. पण असं म्हटलं की एखादा उत्साही पुढारी हे ऐकेल आणि ‘विकास’ करील, या भीतीनं मी पुढचं वाक्य हळू आवाजात बोलतो. कारण आपल्याकडे विकास म्हणजे आधी कमान. मग सिमेंटचा मोर. मग ‘आय लव्ह सौताडा’ अशी लाल अक्षरं, कड्याच्या अगदी टोकावर. मग काचेचा पूल. नायगावचं मयूर अभयारण्य 1994 पासून आहे, चांगलं तीसेक चौरस किलोमीटरचं. तिथं खरे मोर आहेत हो! त्यांच्यासमोर सिमेंटचा उभा केला तर त्यांना काय वाटेल?

मला हवंय ते फार थोडं आहे. गावात चार घरांनी एकेक खोली स्वच्छ ठेवावी, रात्री भाकरी-पिठलं द्यावं आणि त्याचे रीतसर पैसे घ्यावेत. एसटीनं मागितल्या जागी थांबावं. आणि फाट्यावर एक पाटी असावी, तिच्यावर अंतर खरं लिहिलेलं असावं. ‘हे काय, इथंच’ म्हणून सांगितलेला प्रत्येक ओढा आमच्याकडे पाच किलोमीटरवर असतो.

तर ज्यांना यायचं असेल त्यांनी पोळ्यानंतर आणि दसऱ्याच्या आत यावं. आता बीडला रेल्वेही आली आहे. लहानपणापासून ‘येणार, येणार’ म्हणून जिची वाट पाहिली, ती अहिल्यानगरहून 17 सप्टेंबर 2025 ला खरोखरच आली. पहिल्या दिवशी शहरातच राहावं. कंकालेश्वराचं देऊळ तळ्याच्या मध्यात उभं आहे, तिथं संध्याकाळ घालवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी खजाना विहीर. निजामशाहीतली, चारशे वर्षांच्या पलीकडची. जमिनीखालच्या बोगद्यातनं पाणी शेतापर्यंत जायचं. तिच्या काठाशी वाकून आत बघायला काहीच मोजावं लागत नाही. मग मांजरसुंब्यापर्यंत एसटी आणि तिथून कपिलधार पायी. धबधब्याखाली डोकं धरावं, समाधीपाशी बसावं, प्रसाद मिळाला तर नाही म्हणू नये. तिसऱ्या दिवशी नायगाव. पहाटे मोर ओरडतात, गजर लावावा लागत नाही. चौथ्या दिवशी पाटोद्याहून सौताडा. दरीत रामेश्वराचं देऊळ आहे आणि विंचरणा वरून कोसळत असते. पायऱ्या उतरताना मजा वाटते, चढताना गुडघे मोजून घेतात. म्हणून खाली दुपार काढावी. पाचवा दिवस मोकळा ठेवावा. आमच्या घरात या मोकळ्या दिवसावरून दोन दिवस चर्चा झाली. ‘मोकळा म्हणजे काय बघायचं?’ असं आमच्या हिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. वहीत तसंच लिहिलंय – ‘पाचवा दिवस : काही नाही.’

ज्यांना देवदर्शन आणि साहित्य दोन्ही साधायचंय, त्यांनी आणखी दोन दिवस काढून अंबाजोगाई गाठावी. योगेश्वरी आहे, मुकुंदराजांची समाधी दरीत आहे, आणि दासोपंतांची पासोडी आहे. कागद पुरेना म्हणून चाळीस फूट लांब कापडावर ग्रंथ लिहिणारा माणूस त्या गावचा होता की नाही, असं कोणी विचारलं तर मला सांगा. मी स्वतः येऊन वाद घालीन.

सामान कमी घ्यावं. पाण्याची बाटली, टोपी, धपाटी, चटणी. बूट जुनेच बरे. आणि एक काठी मात्र न विसरता घ्यावी. कुत्र्यांसाठी नव्हे. हातात काठी दिसली की मोटारसायकलवाले हात जोडून ‘माउली’ म्हणतात, बाबा कपिलधारला निघाले असतील असं समजतात आणि गाडी न थांबवता पुढं जातात.